लग्नाला चार महिने आणि डबीवर नाव नसलेलं चूर्ण

वैद्यताई, नमस्कार.

मी 44 वर्षांची, कराडजवळ राहते, पतसंस्थेत काउंटरवर काम करते. उंची 5 फूट 2 इंच, वजन 74 किलो. दोन वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे, बीपी काठावर. सकाळी गोळी घेतली की लगेच कोमट पाण्यात लिंबू-मध, मग रात्रभर भिजवलेल्या जिऱ्याचं पाणी, रात्री त्रिफळा, असं सहा महिने करतेय. काटा हलला नाही. म्हणून जाऊबाईंच्या ओळखीतून एक चूर्ण आणलं, महिन्याचे 2200 रुपये. पंधरा दिवसांत 3 किलो उतरले! पण छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. देणाऱ्या बाई म्हणतात, चरबी वितळतेय, शरीर शुद्ध होतंय, पूर्ण आयुर्वेदिक आहे, घाबरू नका. सासूबाई म्हणतात, चार घास कमी खा, चूर्णं कसली खातेस. आता कुणी गुग्गुळ घ्या म्हणतं, एका सेंटरवाल्यांनी दहा उद्वर्तनांचं पॅकेज सांगितलंय. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. नक्की काय घेऊ?

— एक वाचक

ताई, बाकीचं सावकाश बोलू. आधी ते चूर्ण आजच्या आज बंद करा. पैसे दिलेत, उरलंय तेवढं संपवून बंद करते, असं मनात येईल. तसं करू नका. पण डबी फेकूही नका. ती पिशवीत घालून याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, बीपी मोजून घ्या, ईसीजी काढायला सांगा आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. मध्येच छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडायला झालं, तर आठवड्याची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

इतकी घाई का, तर तुम्ही लिहिलेली तीन लक्षणं एकत्र आली की माझ्या मनात एक नाव येतं. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध एकेकाळी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून ते गेलं आणि 2011 मध्ये भारतातही बंदी आली. औषधाच्या दुकानातून गेलं खरं, चूर्णांतून मात्र गेलं नाही. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या वजनाच्या कॅप्सूल, चहा आणि पुड्या तपासल्या की जगभर ते पुन्हापुन्हा सापडतं. भूक मरते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, धडधडतं, बीपी चढतं. काही पुड्यांत तर थायरॉइडचं हार्मोनच मिसळलेलं सापडलं आहे. तुम्ही आधीच थायरॉइडची गोळी घेता, म्हणजे तसं असेल तर नकळत जादा डोस झाला. तुमच्या चूर्णात यातलं काय आहे हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. पण त्रिफळा, जिरं, सुंठ असल्या मसाल्याच्या डब्यातल्या वस्तूंनी पंधरा दिवसांत 3 किलो उतरत नाहीत आणि झोपही उडत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगते.

‘शरीर शुद्ध होतंय’ हे वाक्य विक्रीसाठी फार सोयीचं असतं. बरं वाटलं तर औषधाचा गुण, त्रास झाला तर शुद्धी! म्हणजे बंद करायची वेळ कधी येतच नाही.

आता ती डबी हातात घ्या आणि नीट बघा. कायद्याने विकलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘आयुर्वेदिक औषध’ असे शब्द असतात, उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि घटकांची यादी असते. तुमच्या डबीवर, मला वाटतं, हिरव्या पानाचं चित्र आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच असेल. तसं असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात डबीसकट तक्रार देता येते. जाऊबाईंना वाईट वाटेल ही भीती मला कळते. पण त्यांनाही ते कुणीतरी दिलंच असणार, आणि त्याही घेत असतील, तर आधी त्यांना सांगा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव आहे. तरी मोबाइल उघडला की दर दुसरी जाहिरात तीच.

वनस्पतीचं आहे म्हणजे अपाय नाही, ही समजूत मी स्वतः आयुर्वेदाची प्रॅक्टिस करत असूनही मला मान्य नाही. ज्याला गुण आहे त्याला दोषही असणारच. आमच्या शास्त्रात मात्रा, काळ, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते) असल्या गोष्टींवर इतकी पानं खर्च झाली आहेत ती काय उगाच? 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या क्लिनिकमध्ये, बायकांना चिनी वनस्पतींची भुकटी दिली गेली. हवी होती एक मुळी, आणि चिनी नावातल्या साम्यामुळे तिच्या जागी गेली अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी. शंभरावर बायकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, अनेकींवर डायलिसिसची किंवा मूत्रपिंड बदलण्याची वेळ आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ती मुळीही नैसर्गिकच होती. आपल्याकडची ईश्वरी, जिला सापसन म्हणतात, ती याच कुळातली.

तुमच्या सकाळकडे वळू. इथे मला चूर्णापेक्षाही जास्त काम दिसतंय. थायरॉइडची गोळी घेतल्यावर ‘लगेच’ लिंबू-मध आणि मग जिऱ्याचं पाणी असं तुम्ही लिहिलंय. ती गोळी भलती नाजूक स्वभावाची आहे. ती नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायची आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, पोटात दुसरं काही जाऊ द्यायचं नाही. चहा-कॉफीही नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास हवेत. लगेच दुसरं काही घेतलं की गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच वर राहतो, अंग जड वाटतं, आणि आपण म्हणतो काटा हलत नाही. तेव्हा उठल्यावर गोळी, मग झाडलोट, पाणी भरणं, अंघोळ, देवपूजा, आणि त्यानंतर चहा. एवढ्याने वजन धडाधड उतरेल असं मात्र समजू नका. थायरॉइडमुळे चढलेलं वजन बहुधा दोन-पाच किलोंच्या घरातलं असतं आणि त्यातही मीठ-पाण्याचा वाटा मोठा असतो. बाकीचं वजन थायरॉइडच्या नावावर टाकणं आपल्या सोयीचं असतं, एवढंच.

लिंबू-मधाने चरबी कापली जाते हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. लिंबू चरबी कापत नाही. मध घातलेलं पाणी हे गोड पाणीच. दोन चमचे मधातून साधारण 40 कॅलरी जातात, म्हणजे साखरेपेक्षा फार वेगळा हिशेब नाही. आणि गंमत बघा, स्थूल माणसाला मध-पाणी द्यावं असं चरक सांगतात, पण मध तापवू नये, उष्ण करून घेऊ नये, हेही तितक्याच ठासून सांगतात. आपण मध-पाणी लक्षात ठेवलं आणि त्यात गरम पाणी आपल्या मनाने ओतलं. आवडतं म्हणून घेत असाल तर साध्या पाण्यात, एक चमचा, गोळीनंतर तासाभराने. पोटात जळजळत असेल तर लिंबू सोडाच. जिऱ्याच्या पाण्याने गॅस कमी होतो, पोट हलकं वाटतं. पोट हलकं वाटणं आणि वजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण ते प्यायला माझी काही हरकत नाही.

त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. पोट साफ व्हायला चांगला, रात्री अर्धा चमचा चालू ठेवलात तरी चालेल. फक्त पाकीट वाचून घ्या, त्यात सोनामुखी मिसळलेली नाही ना ते. सडपातळ होण्याच्या चहांमध्ये आणि ‘पोट साफ’ चूर्णांमध्ये ती हमखास असते. सोनामुखी मोठ्या आतड्यात जाऊन काम करते, आणि अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात. जे बाहेर पडतं ते पाणी, मळ आणि क्षार. काटा किलो-दीड किलो खाली येतो, दोन दिवसांत परत वर जातो. रोज घेत राहिलं तर पोटॅशियम घटतं, आणि आधीच धडधडणाऱ्या छातीला ते मुळीच परवडणारं नाही.

गुग्गुळाचं विचारलंत. आमच्या ग्रंथांत मेदावर गुग्गुळाला मानाचं पान आहे, नवक गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ असे कल्प वैद्य देतातही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून रक्तातली चरबी कमी करण्याचं औषधही तयार केलं होतं. पण 2003 मध्ये अमेरिकेत नीट तुलना करून चाचणी झाली तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. थायरॉइडवर त्याचा परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तुमची गोळी चालू, छाती धडधडतेय, टीएसएचचा पत्ता नाही, अशा वेळी मी तुम्हाला गुग्गुळ देणार नाही, आणि तुम्ही मेडिकलमधून आणून घेऊ नका. आणखी एक म्हणजे कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळांवरचं गुग्गुळाचं झुडूप ओरबाडून ओरबाडून आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. माल दुर्मीळ झाला की भेसळ आलीच.

पुढे-मागे कुणीतरी तुम्हाला गार्सिनियाच्या कॅप्सूल दाखवील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ती केरळातली कुडमपुळी, आपल्या कोकमाची चुलत बहीण. तिकडे माशाच्या कालवणात घालतात. तिच्यातल्या आम्लाने चरबी साठत नाही असा दावा होता. 1998 मध्ये 135 जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. कॅप्सूल घेणारे आणि नुसतीच खोटी गोळी घेणारे यांच्या वजनात फरक पडला नाही. उलट असल्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमसूल आमटीत घाला, सोलकढी प्या, कॅप्सूल राहू द्या.

मग परंपरेत घेण्यासारखं काहीच नाही का? आहे की, पण ते डबीत मिळत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिन्दितीय. अतिस्थूल माणसाचा सगळा विचार तिथे आहे. कारणं वाचलीत तर कुणी तुमच्या पतसंस्थेतल्या काउंटरवर बसूनच लिहिलीत असं वाटेल. पोटापेक्षा जास्त खाणं, गोड आणि स्निग्ध पदार्थ, व्यायाम नाही, दुपारची झोप. आणि शेवटी ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईवडिलांकडून आलेला बांधा. तेव्हा सगळा दोष स्वतःच्या जिभेला देऊ नका, हे चरकांनीही मान्य केलेलं आहे.

उपाय काय सांगितलाय? गुरु पण अपतर्पण करणारं अन्न, म्हणजे पोटात टिकणारं, भूक भागवणारं, पण अंगी न लागणारं. मग धान्यांची नावं येतात: जव, सावा, राळे, कोद्रू. कडधान्यांत मूग, तूर आणि कुळीथ. भाज्यांत पडवळ, आणि आवळा. औषधं आहेत, पण ती या जेवणाच्या जोडीला. शेवटी व्यायाम वाढवायला सांगताना शब्द वापरलाय ‘क्रमेण’. हळूहळू. पंधरा दिवसांत नाही. त्याच श्लोकात जागरण आणि चिंतनही वाढवा म्हटलंय. चिंतन तर मुलीच्या लग्नापायी तुमचं भरपूर चालू असेल, पण जागरणाच्या बाबतीत मी चरकांचं ऐकणार नाही. झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड-तेलकट खावंसं वाटतं, हे आता चांगलं माहीत आहे. जुनं आहे म्हणून सगळंच डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

हे तुमच्या स्वयंपाकघरात कसं आणायचं? आठवड्यातून तीन-चारदा रात्री कुळथाचं पिठलं करा. दोन माणसांना चार मोठे चमचे कुळथाचं पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवा. कढईत दोन छोटे चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण चांगला लाल होईपर्यंत, मिरची, हळद. मग दोन-अडीच वाट्या पाणी आणि दोन आमसुलं. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा, आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजू द्या. कच्चं राहिलं तर पोटाला बाधतं. त्याबरोबर ज्वारीची एक भाकरी, कांदा, काकडी, वाटीभर पालेभाजी. एक भाकरी म्हटलं मी. भाकरी म्हणून चार खाल्ल्या आणि वर शेंगदाण्याची चटणी तेलात भिजवून घेतली तर ज्वारीही काही करू शकत नाही.

तेलाचा हिशेब एकदा कराच. घरात पाच माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा डबा लागत असेल तर माणशी एक लिटर झालं. माणशी 600 मिली, म्हणजे घराला 3 लिटर, एवढ्यावर आणा. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढंच वेगळ्या बरणीत काढून ठेवा, म्हणजे कुठे जातंय ते दिसतं. सुरुवातीला पंधरवड्यातच बरणी तळाला जाईल, जाऊ द्या.

सोमवार-गुरुवार उपास करता की नाही ते लिहिलं नाहीत, पण आता श्रावण आहे म्हणून विचारते. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, वर दाण्याचा कूट, वर तूप, जोडीला बटाट्याचा कीस. एवढं खाल्ल्यावर उपास कसला? उपास सोडू नका, फराळ बदला: वाटीभर भगर, दह्यातली काकडी, ताक, एखादं फळ.

उद्वर्तन म्हणजे कोरड्या चूर्णाने, बहुधा कुळीथ नाहीतर त्रिफळा घेऊन, अंग खालून वर चोळणं. दिवाळीच्या उटण्याचं थोरलं भावंडच म्हणा. मेद विरघळवणारं, अंग घट्ट करणारं, त्वचा उजळवणारं असं वाग्भटांनी त्याचं वर्णन केलंय. त्वचेचं आणि अंग मोकळं वाटण्याचं मला पटतं. चोळून किलो उतरतात हे पटत नाही. सेंटरवाले आधी आणि नंतर मापाची टेप लावून दाखवतात, त्या टेपवर विश्वास ठेवू नका. लग्नाआधी स्वतःचे लाड म्हणून दोनदा करून घ्या, दहाचं पॅकेज घेऊ नका. ते पैसे चांगल्या बुटांना लागतील.

कारण चालावं लागणार आहे. जेवणानंतरची शतपावली चांगलीच, पण शंभर पावलांवर काम भागायचं नाही. ईसीजी व्यवस्थित आला आणि डॉक्टर हो म्हणाले की रोज वीस मिनिटांपासून सुरू करा आणि महिन्याभरात पाऊण तासावर या. काउंटरवर तासातून एकदा उठून उभ्या राहा. सूर्यनमस्कार आवडत असतील तर तुमच्या जिल्ह्यातच औंध आहे, तिथल्या संस्थानिकांनी, पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यात हयात घालवली. सुरुवात चारपासून करा, दम लागला की थांबा.

उंचीच्या मानाने तुमचा बीएमआय 30 च्या जवळ येतो. आपल्या लोकांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात आणि बायकांचा कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा. तेव्हा वजन उतरवायला हवं हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण मार्गशीर्षापर्यंत 4 ते 6 किलो उतरले तरी मी खूश होईन. एवढ्यानेही काठावरचं बीपी खाली येण्याची चांगली शक्यता असते. चूर्णाने उतरलेले 3 किलो बंद केल्यावर थोडे परत येतील, तेव्हा घाबरून पुन्हा त्या बाईंना फोन करू नका.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चार घास कमी खा हे ठीक. फक्त उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात रात्री उभ्याउभ्या कोण संपवतं, हेही त्यांना एकदा विचारा. भात मोजून लावा.

टीएसएचचा आकडा आला की पुन्हा लिहा, गोळीची वेळ बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तो परत तपासावा लागेल. आणि लग्नातल्या साडीवरच्या ब्लाउजचं माप आत्ता देऊ नका. शेवटच्या तीन आठवड्यांत द्या, आणि शिंपीदादांना आत दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा.